आजीची पाठ: रफपासून छापील पानापर्यंत

मे २०२४ मध्ये पुण्याच्या एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला आणि त्यांनी सरळ विचारलं, चार पानांचं चित्रांचं फीचर कराल का, विषय एकच हवा, चित्रं सहा, त्यातली निदान तीन बिनशब्दांची. त्याआधी माझी सुटी चित्रं इकडेतिकडे आली होती, बडोद्यातल्या मराठी मंडळांच्या स्मरणिका वगैरे, पण आधी रफ पाठवा, मंजूर झालं की फायनल करा, फाइल अशी द्या, बिल तसं द्या हा सगळा प्रकार माझ्यासाठी पूर्ण नवीन होता. मी बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत अकाउंट्स बघते, चित्रं रात्री जेवणं आवरल्यावर. बडोद्यात चित्रकार खूप, फाइन आर्ट्सची फॅकल्टी इथे १९५० च्या सुमारास सुरू झालेली, पण कॅनव्हासवर काम करणाऱ्याला कॅप्शन किती शब्दांची ठेवावी हा प्रश्न पडत नाही, त्यामुळे विचारायचं कोणाला हेच कळत नव्हतं. आता सगळं पार पडलंय, पैसेसुद्धा आलेत, तर जसं झालं तसं लिहून काढते. कोणी पहिल्यांदा हे करत असेल तर त्याची धाकधूक थोडी कमी होईल.

विषय मी लगेच सांगितला, आजी. इथल्याच दांडिया बाजारात माहेर असल्याने नऊवारीतल्या आज्या मी लहानपणापासून पाहिल्यात, देवळाच्या पायरीवर बसलेल्या, ओट्यावर तांदूळ निवडणाऱ्या, आणि माझ्या डोक्यात त्यांचे चेहरे नसून पाठी आहेत. पुढे झुकलेली, मानेपाशी किंचित कुबड आलेली पाठ, कमरेवर एक हात. ती पाठ काढली की पुढचं सगळं कळतं, आजी रागावलीय, थकलीय का लबाडी करतेय. चेहरा न काढतासुद्धा. हे फीचर त्या पाठीवरच उभं राहणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि पुढचे सगळे महिने मी खरं म्हणजे एवढंच केलं, ती पाठ रफमधून छपाईपर्यंत जिवंत नेली.

मे-जूनमध्ये रफ. हे मी अगदी छोटे काढते, व्हिजिटिंग कार्डापेक्षाही छोटे, दोन इंच रुंद चौकटीत, ऑफिसातल्या एका बाजूने कोऱ्या प्रिंटआउटवर साध्या बॉलपेनने. खोडरबर जवळ ठेवायचंच नाही. छोट्या चौकटीत बोटं, चपला, साडीची नक्षी काढायला जागाच नसते, त्यामुळे कोण कुठे उभं आहे, कोणाकडे बघतंय आणि गंमत कुठे आहे एवढंच उरतं, आणि एवढ्यात हसू आलं नाही तर मोठं करून, शाई लावून, सावल्या घालूनही येत नाही. पन्नास नक्ष्या काढल्या तरी नाही येत. एकाच कल्पनेच्या अशा भरपूर चौकटी एका पानावर शेजारी शेजारी काढायच्या आणि मग ते पान दोन-तीन दिवस बघायचंच नाही. नंतर उघडलं की नजर आपोआप एका चौकटीवर जाते.

एक चित्र सविस्तर सांगते म्हणजे कळेल. उत्तरायणाचं, म्हणजे संक्रांतीचं. आमच्याकडे १४ जानेवारीला घरात कोणी थांबत नाही, सगळं गाव अगाशीवर, म्हणजे गच्चीवर, सकाळपासून पतंग कापला की काय पो छेच्या आरोळ्या, दुपारी ऊंधियू, तीळगूळ आणि जिलेबी एकत्र. कल्पना अशी की नातू पतंग उडवतोय, दोरी ताणलेली, आणि आजी त्या दोरीवर धुतलेले कपडे वाळत घालतेय. बस. शब्द नाहीत.

आता एवढ्या साध्या गोष्टीत किती निर्णय आहेत बघा. आजी पहिला कपडा घालतेय का शेवटचा? पहिला घातला तर गंमत अजून व्हायचीय आणि वाचकाने ती स्वतः पुढे कल्पायची. सगळे घालून झाले आणि आजी निघून गेली तर गंमत होऊन गेली. मला शेवटून दुसरा क्षण हवा होता, म्हणजे दोरीवर कपडे आहेत आणि आजीच्या हातात अजून एक रुमाल आणि दोन चिमटे. मग नातवाला कळलंय की नाही? पहिल्या रफमध्ये तो आजीकडे बघून किंचाळत होता आणि ते चित्र आजी-नातवाच्या भांडणाचं झालं. त्याची नजर वर आकाशात नेली, त्याला काही पत्ताच नाही, आणि तिथे चित्र बसलं. फिरकी धरलेली बहीण मात्र बघतेय, ती आजीच्या बाजूची आहे, तोंड मिटून.

त्यानंतर दिशा. आपण मराठी डावीकडून उजवीकडे वाचतो आणि चित्रही डोळा तसंच वाचतो, त्यामुळे जे आधी दिसावं ते डावीकडे. खाली डाव्या कोपऱ्यात नातू, तिथून दोरी तिरपी वर उजवीकडे, डोळा त्या दोरीवरून चढत जातो आणि वाटेत टॉवेल, परकर, बनियन. आणि अगदी वर पतंगाजवळ आजीची नऊवारी, पतंगाच्या शेपटीसारखी फडफडत. ती तिथपर्यंत घातली कशी असा प्रश्न वाचकाला पडला तरी चालतो, चित्रात तेवढी मोकळीक आहे. उलट दिशेने काढून पाहिलं तर नऊवारी आधी दिसते आणि मग खाली येताना सगळं सपाट होतं. चित्र तेच, नुसती बाजू बदलली तर हसू जातं. पटत नसेल तर आपलं कुठलंही रफ खिडकीच्या काचेवर उलटं धरून बघा.

कॅप्शनवाल्या चित्रांचं गणित वेगळं. आधार केंद्रात आजी, मशीनवर बोट ठेवलंय आणि ठसा येत नाही. हे मी स्वतः पाहिलंय, आयुष्यभर धुणीभांडी केलेल्या बायकांचे ठसे पुसट झालेले असतात, मशीन परत परत नाही म्हणतं. चित्रातला मुलगा म्हणतो, "आजी, बोटांवर रेषाच उरल्या नाहीत." आणि आजीचं उत्तर मी पहिल्यांदा लिहिलं ते असं, "अरे बाबा, पन्नास वर्षं भांडी घासली, त्या रेषा आता भांड्यांवरच सापडतील, तिकडे जाऊन बघ." मग कापत गेले. पन्नास वर्षं काढलं, कारण वय चित्रात दिसतंय. घासली काढलं, कारण भांडी म्हटलं की घासणं आलंच. शेवटी उरलं, "भांड्यांवर बघ." एवढंच. कॅप्शन लिहून झाली की ती चित्र न बघणाऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायची, त्याला नुसत्या वाक्यावरून सगळं कळलं तर चित्राला कामच उरलं नाही असं समजायचं. आणि नुसतं वाक्य ऐकून तो "म्हणजे?" म्हणाला, मग चित्र बघून हसला तर जमलं. आमच्या घरी हे काम माझ्या सासूबाईंचं. हे चित्र बघून त्या हसल्या नाहीत, स्वतःची बोटं बघत बसल्या, आणि मला तेवढ्यावर कळलं की हे फीचरमध्ये जाणार.

रफ पाठवायची मुदत ३० जून होती. सहा हवी असतील तर दहा-बारा पाठवावी. मी प्रत्येक रफ स्वच्छ परत काढलं नाही, तेच बॉलपेनचं स्कॅन करून एका पीडीएफमध्ये, पानाला एक, खाली नंबर आणि एका ओळीत काय चाललंय ते. नंबर जरूर द्या, फोनवर "ते आजीचं चित्र" म्हटलं तर इथे सगळीच आजीची. मग दोन आठवडे काहीच उत्तर नाही. हा काळ वाईट जातो, वाटतं आवडलं नसणार, मेलच गेला नसेल, दिवसातून चारदा मेल उघडून बघितलं जातं. दोन आठवड्यांनी एक साधा, नम्र आठवणीचा मेल टाकावा, त्यात काही वावगं नाही. त्यांच्याकडे कथा, कविता, जाहिराती सगळं एकाच वेळी चाललेलं असतं.

जुलैच्या मध्यावर फोन आला. पाच पसंत, एकाच्या जागी दुसरं, आणि त्या पाचांतल्या पतंगाबद्दल शंका. संपादक म्हणाल्या, "चित्र छानच आहे हो, पण आमच्याकडे संक्रांतीला असं सगळं गाव गच्चीवर नसतं. वाचकाला संदर्भ लागेल का?" मी म्हटलं, "ताई, खाली गुजरात म्हणून लिहायचं का?" त्या लगेच, "छे छे, लिहू नका काही, चित्रातूनच कळू दे." बरोबर होतं त्यांचं. मग मागे अगाश्यांची एक रांग घातली, प्रत्येक अगाशीवर ठिपक्याएवढी माणसं, सगळ्यांची डोकी वर, आकाशात बारके बारके पतंग. सगळे वर बघतायत आणि एकटी आजी दोरीकडे. चित्र आधीपेक्षा चांगलं झालं. चांगला संपादक असा असतो, तो उपाय सांगत नाही, कुठे अडतंय ते सांगतो.

त्याच फोननंतर मी हक्कांबद्दल मेल केला. हे आधी करायला मला अवघड वाटत होतं, बाईमाणसाने पहिल्याच कामात अटी घालाव्यात का वगैरे, पण अकाउंट्समध्ये इतकी वर्षं काढल्यावर लेखी नसलेल्या गोष्टीचं काय होतं ते मला चांगलं माहिती आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातल्या कलम १७ मध्ये असं आहे की कोणी पैसे देऊन, सांगून फोटो, पेंटिंग, पोर्ट्रेट वगैरे करून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिली मालकी करवून घेणाऱ्याची. व्यंगचित्र त्यात बसतं की नाही यावर नंतर वाद घालण्यापेक्षा आधीच चार ओळी लिहिलेल्या बऱ्या. आणि कलम १९ म्हणतं की हक्क लिहून देताना मुदत घातली नाही तर ती पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिला नाही तर भारत. माझा मेल असा होता: दिवाळी अंक २०२४ मध्ये एकदा छापण्याचा आणि त्याच अंकाच्या ई-आवृत्तीचा हक्क देत आहे, कॉपीराइट माझ्याकडे, मूळ चित्रं माझ्याकडे, दुसरीकडे वापरायचं असल्यास आधी विचारावं, मानधन चित्रामागे २,००० रुपये. उत्तरात "मान्य" एवढंच आलं आणि तेवढं पुरतं. कोणी वाईट मानलं नाही.

आजीचं पात्र पुढेही वापरायचं मनात होतं म्हणून तिचं कॉपीराइट रजिस्ट्रेशनही केलं. आधी एक गोष्ट स्पष्ट करते, रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, चित्र काढलं की हक्क आपोआप असतो, काढणाऱ्याच्या हयातीत आणि नंतर साठ वर्षं. पण वाद झाला तर कागद हातात असलेला बरा. कॉपीराइट ऑफिसच्या साइटवर अकाउंट उघडायचं, फॉर्म १४ भरायचा, त्यात कामाचे तपशील, छापलेलं आहे की अप्रकाशित. मी अंक यायच्या आधीच अप्रकाशित म्हणून टाकलं, नाहीतर प्रकाशकाचा तपशील, कदाचित ना-हरकत पत्र, हे सगळं मागे लागतं. एका कागदावर आजी समोरून, बाजूने, पाठमोरी, बसलेली, वाकलेली अशी काढली आणि तो एक कागद म्हणजे एक कलाकृती. फी ५०० रुपये. मात्र तेच चित्र कॉफीचा मग, टीशर्ट अशा वस्तूंवर वापरायचं असेल तर फी २,००० आणि ट्रेडमार्क ऑफिसचं सर्च सर्टिफिकेट, म्हणजे तसंच चिन्ह आधी नोंदलेलं नाही असा दाखलाही लागतो, म्हणून काय करायचंय ते आधी ठरवून घ्या. पैसे भरले की डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा क्रमांक मिळतो, मग तीस दिवस कोणाची हरकत येते का यासाठी थांबायचं, त्यानंतर त्यांची तपासणी. मी जुलैअखेर भरलं आणि सर्टिफिकेट आलं मार्च २०२५ मध्ये. मध्ये स्टेटस बघत राहायचं, त्यांनी काही विचारलं तर मुदतीत उत्तर द्यायचं, एजंट लागत नाही.

ऑगस्टमध्ये फायनल. इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

रफमधली आजी जिवंत असते आणि फायनल करताना ती मरते, हे चित्र काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कारण साधं आहे. रफ काढताना हात एका दमात फिरतो, फायनलला आपण पेन्सिलने नीट काढतो, मग त्या पेन्सिलच्या रेघेवरून जपून शाई फिरवतो, म्हणजे रेघ काढतच नाही, नुसती झाकतो. पाठीचा तो बाक तोच असतो पण त्यातला जोर गेलेला असतो. यावर मला लागू पडलेला उपाय म्हणजे रफ पेन्सिलने मोठं करायचंच नाही. छापताना माझ्या चित्राला पाच इंच रुंदी मिळणार होती, आणि दीडपट मोठं काढलं की छोटं होताना बारीक थरथर लपते, म्हणजे साडेसात इंच. माझं रफ दोन इंचाचं, तर झेरॉक्सवाल्याकडून ३७५ टक्के मोठं करून घेतलं. मोबाइलने फोटो काढून मोठं करू नका, कडा वाकतात. त्या झेरॉक्समध्ये बॉलपेनची रेघ दोरखंडाएवढी जाड दिसते, पण पाठीचा बाक, हाताचा झोका जसाच्या तसा. तो कागद खालून उजेड देणाऱ्या एलईडी ट्रेसिंग पॅडवर ठेवायचा, मला साधारण १,१०० ला मिळाला, वर चांगला कागद आणि सरळ शाई. हात, चेहरा, चिमटे अशा ठिकाणी फक्त हलकी निळी पेन्सिल, ती स्कॅनमध्ये सहज काढून टाकता येते. पाठीला पेन्सिल नाही. पाठीची रेघ मानेपासून कमरेपर्यंत एका श्वासात, चुकली तर नवा कागद. कागद वाया जातो, जाऊ दे, तोच या कामाचा खर्च आहे.

टाकाचं, म्हणजे शाईत बुडवायच्या पेनचं निब वापरलं, कारण दाबलं की जाड आणि सोडलं की बारीक अशी रेघ त्यातूनच येते. मागच्या अगाश्या मात्र एकसारख्या पातळ रेघेच्या हव्या होत्या म्हणून तिथे ०.२ मिलिमीटर टोकाचं फाइनलायनर पेन. छोटं झाल्यावर ती ०.१३ होते, त्याच्या खाली जाऊ नये, छपाईत तुटते. सावलीच्या तिरप्या रेघांचंही तेच, मूळ चित्रात दोन रेघांत भरपूर मोकळी जागा वाटली पाहिजे, नाहीतर छापून काळा डाग.

बिनशब्दांच्या चित्रात रेघेनेच बोलायचं तर ते शिकायला बडोद्यात एक जागा आहे, कीर्ती मंदिर, गायकवाड घराण्याचं स्मारक. तिथे चित्रकार नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ या काळात चार भिंती रंगवल्यात, गंगावतरण, मीराबाई, टागोरांच्या नाटकातली नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध. ती काही व्यंगचित्रं नाहीत, पण एवढ्या मोठ्या भिंतीवर माणूस कोणत्या भावनेत आहे हे त्याच्या उभं राहण्यावरून, वाकण्यावरून कसं कळतं ते तिथे दिसतं. बघायचं असेल तर आत सोडतात का ते आधी विचारून जा. मी ऑगस्टच्या सुरुवातीला जाऊन आले आणि घरी येऊन आजीच्या मानेची रेघ बदलली.

कागद. पावसाळ्यात हा सगळ्यात मोठा प्रश्न. दुकानात गेले तर ओळखीचे दुकानदार भाई म्हणाले, "बेन, आ कागळ चोमासामां भेज पकडशे," म्हणजे हा कागद पावसाळ्यात ओल धरेल, आणि पातळ कार्ट्रिज कागदाऐवजी गुळगुळीत, जाड, ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा कागद काढून दिला. खरंच आहे, दमट कागदावर निबची शाई रेघेच्या कडेने पसरते, केसासारखी मुळं फुटतात. मी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, आत सिलिका जेलच्या पुड्या घालून, गोदरेजच्या कपाटात वरच्या खणात ठेवले. काम करताना तळहाताखाली एक कोरा कागद, घामाचा डाग पडला की तिथे शाई बसत नाही. शाई वॉटरप्रूफ, निब दर पाच-दहा मिनिटांनी पुसायचं. कागद, निबं, शाई, झेरॉक्स मिळून ट्रेसिंग पॅड सोडून दोनेक हजार गेले.

फायनलची मुदत ३१ ऑगस्ट. आणि २६ तारखेला, गोकुळाष्टमीच्या दिवशी, पाऊस जो लागला तो थांबेचना. ज्यांनी तेव्हाच्या बातम्या पाहिल्यात त्यांना आठवत असेल, विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, कारेलीबाग, समा, फतेहगंज सगळीकडे पाणी, सोसायट्यांच्या आवारात मगरी. आम्ही कारेलीबागेत दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे घरात पाणी नाही, पण खालच्या लोकांचं सामान, गाद्या, लहान मुलं सगळं वर आमच्याकडे आणि वरच्या मजल्यांवर, वीज गेलेली, पिण्याच्या पाण्याची मारामार. त्या दिवसांत चित्रांचा विचार करणं बरं वाटत नव्हतं. कुकर लावा, कोणाची औषधं शोधा, फोन कोणाच्या पॉवर बँकेवर चार्ज होतोय ते बघा. तरी दुपारी खालच्या काकू म्हणाल्या, "अगं, तू तुझं काम कर, आम्ही आहोत ना स्वयंपाकाला." पॅड विजेवर, म्हणून झेरॉक्स खिडकीच्या काचेला चिकटवली, वर कागद, आणि बाहेरच्या उजेडात उभ्याने चित्र उतरवलं. बाहेर पाणी. उतरत्या कागदावर निबची शाई ओघळते, म्हणून तिथे फक्त निळी पेन्सिल आणि पातळ फाइनलायनर, निबचं काम टेबलावर. आधार केंद्रातली आजी त्या काचेवर झालेली आहे.

संपादकांना मी २७ लाच, रेंज मिळाली तेव्हा, दोन ओळींचा मेसेज टाकला होता की पूर आहे, घरी सगळे ठीक, एक आठवडा लागेल. त्यांनी ७ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे गणपती बसायच्या दिवसापर्यंत वेळ दिला. अडचण आली की त्याच दिवशी कळवा, मुदत संपल्यावर नाही. त्यांनाही पानं लावायची असतात.

पाणी उतरल्यावर स्कॅनिंग. साडेसात इंच रुंदी ठरवताना आणखी एक हिशोब होता, तो कागद घरच्या ए४ स्कॅनरवर बसतो, दुकानात जावं लागत नाही. स्कॅन ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या छटांत, ६०० डीपीआय, म्हणजे इंचाला ६०० ठिपके, मग गिम्प या सॉफ्टवेअरमध्ये, ते मोफत आहे, निळी पेन्सिल आणि कागदाचा करडेपणा काढून शुद्ध काळं-पांढरं. चित्र मूळच्या दोन तृतीयांश मापाला छापलं जाणार म्हणजे छापताना ते ९०० डीपीआय पडतं, रेषाचित्राला भरपूर. ग्रेस्केल फाइल तशीच दिली तर प्रेसमध्ये रेघेच्या कडा बारीक ठिपक्यांत फुटतात, म्हणून बिटमॅप टिफ, म्हणजे करड्या छटा नसलेली नुसती काळी-पांढरी फाइल द्यायची आणि मेलमध्ये लिहायचं की फक्त काळ्या शाईत छापा. पान रंगीत असेल आणि काळा चार शाया मिळून बनवला गेला तर प्लेट केसभर सरकली तरी रेघेला रंगीत सावली येते. पाठवायच्या आधी मी प्रत्येक चित्र छापील मापाला घरच्या लेझर प्रिंटरवर काढून एका जुन्या दिवाळी अंकाच्या पानावर चिकटवून पाहिलं. आजूबाजूला मजकूर आला की चित्र वेगळंच दिसतं, एका चित्रात नातवाचा डोळा म्हणजे नुसता ठिपका झाला होता, तो वाढवला. कॅप्शन चित्रात हाताने लिहू नका, वेगळ्या वर्ड फाइलमध्ये युनिकोडमध्ये द्या, त्यांना ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येतं.

अंक ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आला, नवरात्र आटोपून कोजागरी झाल्यावर. पतंगाच्या चित्राला पूर्ण पान दिलेलं. मी पहिल्यांदा फक्त पाठ बघितली. ती तशीच होती, त्या दोन इंचाच्या बॉलपेनसारखी. मराठी माणसाला दिवाळी अंकात नाव येण्याचं काय असतं ते सांगायला नको, १९०९ मध्ये का. र. मित्रांनी मनोरंजनचा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही ओढ आहे. आमच्या घरी फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवला होता, आल्यागेल्याला सासूबाई स्वतः पान उघडून दाखवत होत्या.

बिल अंक आल्याच्या दिवशी पाठवलं. लेटरहेड नसलं तरी चालतं, नाव, पत्ता, पॅन, चित्रांची यादी, रक्कम, बँक तपशील आणि कॅन्सल्ड चेकचा फोटो. तेव्हा एका देणाऱ्याकडून वर्षाला ३०,००० च्या वर गेलं तरच प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९४जे खाली १० टक्के टीडीएस, म्हणजे देणाऱ्यानेच कापायचा कर, लागत होता, माझे १२,००० होते म्हणून पूर्ण रक्कम, एप्रिल २०२५ पासून ती मर्यादा ५०,००० झालीय. जीएसटी नाही, कारण वीस लाखांच्या आत आहोत. पैसे फेब्रुवारीत आले, महिन्यातून एकदा आठवण करत राहिल्यावर. अंकांची विक्री आणि जाहिरातींचे पैसे गोळा व्हायला त्यांनाही वेळ लागतो, त्यामुळे मानधनावर दिवाळीची खरेदी धरू नका. रिटर्नमध्ये ते व्यवसायाचं उत्पन्न म्हणून दाखवायचं आणि कागद-शाईच्या पावत्या जपून ठेवायच्या, खर्च म्हणून वजा होतात.

मूळ चित्रं मी आम्लविरहित कागदाच्या घड्यांमध्ये, सपाट, उभी न ठेवता एका फोल्डरमध्ये ठेवलीत, प्रत्येकाच्या मागे पेन्सिलने तारीख आणि अंकाचं नाव, आणि सोबत त्याचं ते बॉलपेनचं रफसुद्धा. माझ्या आत्याला पतंगाचं चित्र हवं होतं. तिला मूळ चित्र दिलं नाही, जाड कागदावर चांगली प्रिंट काढून, खाली सही करून, फ्रेम केली, सगळं मिळून ६५० रुपये लागले, आणि ती दांडिया बाजारातल्या घरी दिवाणखान्यात लावलीय.